पत्रा कुठे ताणायचा, कुठे आवळायचा: घरी बांधलेल्या स्पोर्ट्स कारची बॉडी

प्रश्न गोव्यातल्या डिचोलीहून आला आहे, तो थोडक्यात असा. पाइपची चासी घरच्या शेडमध्ये वेल्ड करून तयार आहे. जुन्या जिप्सीचं १३०० सीसी इंजिन पुढे, ड्राइव्ह मागच्या चाकांना. दोन सीटांची उघडी गाडी, लोटस सेव्हन या जुन्या, हलक्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीवर. बाजूचे सपाट पत्रे बसवून झाले, पण पुढचं नाक आणि मडगार्ड यांपाशी घोडं अडलं आहे. १.२ मिमीचा ॲल्युमिनियम पत्रा लाकडी साच्यावर ठोकला तर कडेला सुरकुत्या पडल्या, आणि मधला भाग दाबला की टक्‌कन आत जातो, सोडला की टक्‌कन बाहेर येतो. ओळखीचे सगळे म्हणतात, पत्र्याचा नाद सोड, फायबर कर. पावसाळाही तोंडावर आला आहे. आता काय करावं?

पत्रा टाकून देऊ नका. तुमच्या हातात खोट नाही, कामाचा क्रम उलटा झाला आहे. तुम्ही आधी ठोकलंत आणि मग आकार येतो का ते पाहिलंत. पत्राकामात आधी वाचायचं असतं. दोन्ही दिशांनी गोलाई असलेला कुठलाही भाग घ्या, त्यात काही ठिकाणी पत्रा वाढावा लागतो आणि काही ठिकाणी कमी व्हावा लागतो. कुठे वाढायला हवा आणि कुठे आवळायला हवा, एवढं कळलं की पुढचं सगळं हाताच्या सरावाचं काम आहे. ते न कळता कितीही महागडी हत्यारं आणली तरी पत्रा ऐकणार नाही.

हे वाचायला कागद पुरतो. जाड तपकिरी पॅकिंग कागद साच्यावर टाका आणि मधोमध टेपने चिकटवा. कागद ताणला जात नाही, म्हणूनच तो खरं सांगतो. हाताने कडेकडे दाबत न्या. मडगार्डच्या कडेला त्याच्या चुण्या पडतील. जिथे चुणी पडते तिथे लांबी जास्त आहे, म्हणजे तिथे पत्रा आवळायचा. नाकाच्या तोंडाशी, जिथे आकार आत वळून पुन्हा बाहेर उमलतो, तिथे उलट होईल. कागद ताठ होईल, बसणार नाही, आणि कात्रीने चीर दिलीत की ती उघडून व्ही आकार होईल. तिथे पत्रा ताणायचा. हे सगळं कागदावरच पेन्सिलने लिहून ठेवा, चुण्यांची आणि चिरांची रुंदीही मापून टाका. तोच कागद सपाट केलात की पत्रा कापायचा नमुना तयार. कडेला निदान २५ मिमी जादा ठेवा.

आता तुमच्या टकटक करणाऱ्या भागाबद्दल. साच्यावर ठोकताना मधला भाग जागोजागी ताणला गेला, त्याच्याभोवतीचा पट्टा मात्र तसाच ताठ राहिला. मधे जास्तीची लांबी आहे आणि तिला जायला जागा नाही, म्हणून ती एकदा आत बसते, एकदा बाहेर. अशा जागी हातोडी मारण्याचा मोह फार होतो, आणि प्रत्येक घावाने तो भाग आणखी वाढतो. तिथे हात लावू नका. भोवतीचा ताठ पट्टा हलक्या हाताने थोडा थोडा ताणा, मधली ढील आपोआप भरून निघते. कडेच्या सुरकुत्या त्याआधी आवळून घ्या. पोलादी पत्र्यात ढिला भाग ठिपक्यापुरता लाल करून ओल्या फडक्याने थंड करता येतो, तसा तो आकसतो. ॲल्युमिनियमवर तो प्रयोग करू नका. ते वितळेपर्यंत रंग बदलत नाही, तुम्ही लाल होण्याची वाट पाहत राहाल आणि भोक पडेल.

साच्याबद्दलही एक गैरसमज दिसतो. मरीन प्लायच्या फळ्या १०० ते १५० मिमी अंतरावर उभ्या करून केलेला सांगाडा हा ठोकायचा ऐरणीचा दगड नव्हे. तो मापाचा साचा आहे. पत्रा बाजूला तयार करायचा, साच्यावर ठेवून बघायचं, कुठे पोकळ राहतो, कुठे टेकतो ते मार्करने खुणवायचं, पुन्हा खाली घ्यायचा. शिगम्याच्या चित्ररथांचे सांगाडे बांधणारी पोरं तुमच्या डिचोली-सांखळीकडे गल्लोगल्ली सापडतील. फळ्या एका रेषेत लावणं आणि वरून लवचीक पट्टी फिरवून उंचवटे शोधणं त्यांना नीट जमतं. त्यांच्यातला एखादा सोबतीला घ्या. साच्यातली ३ मिमीची चूक पुढे प्रत्येक पत्र्यात उतरते.

हत्यारांसाठी पुणे-मुंबईला जायची गरज नाही. चिंचेचा ओंडका घ्या, खाटकाच्या ठोकळ्याला वापरतात तसला, आणि त्याच्या माथ्यावर वाटीएवढा खळगा कोरून घ्या. जाड चामड्याची किंवा कॅनव्हासची पिशवी शिवून त्यात बारीक कोरडी वाळू भरा. वाळू समुद्राची असेल तर गोड्या पाण्यात धुऊन वाळवा, नाहीतर पिशवीतून मीठ पत्र्याला लागत राहील. एक नासपतीच्या आकाराची लाकडी मोगरी, एक सपाट तोंडाची, दोन चकचकीत पॉलिश केलेल्या डेंटरच्या हातोड्या आणि तीन-चार वेगवेगळ्या गोलाईच्या डॉल्या, म्हणजे पत्र्यामागे हाताने धरायचे पोलादी ठोकळे. डिचोलीत खाणीच्या टिपरांची कामं केलेले जुने डेंटर आहेत, त्यांच्याकडे डॉल्यांचा साठा असतो. पण त्यांच्या हातोडीचं तोंड आधी तपासून घ्या. टिपरच्या जाड पत्र्याला चालणारं खरबरीत तोंड ॲल्युमिनियमवर प्रत्येक घावाला खूण सोडतं.

एक नियम लक्षात ठेवलात तर निम्मं काम सोपं होईल. पोलादी हातोडी पोलादी डॉलीवर पडली आणि मधे पत्रा असला की पत्रा चेपून पातळ होतो, म्हणजे वाढतो. लाकडी मोगरी वाळूच्या पिशवीवर किंवा लाकडावर पडली की पत्रा मुख्यतः वाकतो, फारसा पातळ होत नाही. आवळायचं काम म्हणूनच मोगरीचं. ताणायचं आणि शेवटी गुळगुळीत करायचं काम हातोडी-डॉलीचं.

मडगार्डच्या कडेचं आवळणं जरा जवळून सांगतो, कारण सगळ्यांची गाडी इथेच अडते. कागदावर जिथे चुणी आली होती तिथे पत्र्याच्या कडेला मुद्दाम चुणी पाडायची. त्यासाठी दोन बोटांचा लोखंडी चिमटा करून घ्या: १० मिमीच्या दोन गुळगुळीत सळ्या, मधे पत्र्याच्या जाडीपेक्षा थोडी जास्त फट. कड त्यात अडकवून मनगट पिळलं की एक उभी सुरकुती तयार होते, कडेला रुंद, आत जाऊन निमुळती. साधारण दोन-अडीच इंच लांब पुरे. आता पत्रा ओंडक्याच्या खळग्यावर धरायचा आणि मोगरीने सुरकुतीला दोन्ही बाजूंनी आवळत तिच्या स्वतःमध्येच चेपायची. वरून सपाट ठोकलीत तर ती नुसती पसरते आणि कड होती तेवढीच लांब राहते. तिचं तोंड उघडू द्यायचं नाही, की तिची घडी एकमेकीवर चढू द्यायची नाही. घडी चढली की तिथे चीर ठरलेली. नीट बसली की सुरकुती नाहीशी होते आणि त्या जागी पत्रा बोटाला किंचित जाड लागतो. ती जाडी म्हणजेच आवळलेली लांबी. मग पुढची चुणी. कडेने एक फेरी झाली की मधला भाग न ठोकताच फुगून वर आलेला दिसेल.

अशा एखाद-दुसऱ्या फेरीनंतर पत्रा कडक होतो. मोगरीचा आवाज बदलतो, आधी थप्प येत होता तो टणटणीत होतो, आणि पत्रा परत उसळी मारतो. तेव्हा जोर वाढवायचा नाही, पत्रा तापवून मऊ करायचा. समया आणि घागरी घडवणारे कांसार धातू पुन्हा पुन्हा भट्टीत का घालतात, त्याचं कारण हेच. ॲल्युमिनियमसाठी कपड्याच्या साबणाची कोरडी वडी पत्र्यावर घासा आणि गॅसच्या मोठ्या, मऊ ज्योतीने दुसऱ्या बाजूने फिरवत तापवा. साबण आधी पिवळट, मग तपकिरी होतो. गडद तपकिरी-काळा झाला की ज्योत लगेच काढा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं आणि मऊ व्हायला साधारण ३५० ते ४०० अंश लागतात, साबण तुम्हाला त्या पट्ट्याच्या आसपास थांबवतो. थंड पाण्यात बुडवा किंवा हवेत निवू द्या, आपल्या कामाच्या पत्र्याला फरक पडत नाही.

आपल्या कामाचा पत्रा म्हणजे ३००३ ग्रेड, अर्धा कडक, ज्यावर एच १४ लिहिलेलं असतं. ११०० ग्रेड त्याहून मऊ, शिकायला फार छान, पण गाडीवर बोट दाबलं तरी खळगा पडतो. बाजूच्या सपाट भागांना ५०५२ घ्या, खाऱ्या हवेला तो चांगला तोंड देतो. दुकानदार ६०६१ देऊ करेल, 'विमानाचा पत्रा' म्हणून. टी ६ या कडक केलेल्या अवस्थेत तो घडी घालताना तडकतो, गोलाईच्या कामाला घेऊ नका. तुमच्याकडचा पत्रा कुठल्या ग्रेडचा हे माहीत नसेल तर एक तुकडा कापून ९० अंशांत वाकवून बघा. वळणाच्या बाहेरच्या बाजूला बारीक तडे दिसले तर तो बाजूला ठेवा. जाडी १.२ मिमी ठीक आहे, पण हातोडीने ताणायचं काम जास्त असेल तिथे नवख्या हाताने १.६ घ्यावा, पातळ होण्याला वाव राहतो.

फायबर करायला सांगणारेही खोटं बोलत नाहीत. शेव्हरोले कॉर्व्हेट १९५३ साली फायबर बॉडीनेच आली, आणि सेव्हनचं नाक नि मडगार्ड १९६० नंतर फायबरचेच होऊ लागले. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म, रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनाची, तीही फायबर बॉडीची. मासेमारीच्या फायबर होड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे हात किनारपट्टीवर जागोजाग आहेत. वजनाचा हिशेबही पाहून घ्या. १.२ मिमी ॲल्युमिनियम एका चौरस मीटरला सव्वातीन किलो भरतं. ०.९ मिमी पोलादी पत्रा सात किलोंच्या वर जातो. फायबरचा नेहमीचा थर, म्हणजे जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत रंगीत थर), चौरस मीटरला ३०० ग्रॅमचा एक आणि ४५० ग्रॅमचे दोन मॅट (काचेच्या तंतूंच्या चटया), त्यांना भिजवून घट्ट होणाऱ्या रेझिनसकट पावणेपाच किलोंच्या आसपास बसतो, जाडी तीन मिमीच्या घरात. होडीवाला सवयीने चार-पाच थर टाकेल, कारण त्याला लाट सोसायची असते. त्याला आधीच सांगा.

माझं मत स्पष्ट आहे: मडगार्ड ॲल्युमिनियमचे करा आणि नाक फायबरचं. मडगार्डचा आकार एकाच जातीचा आहे, मधे फुगीर आणि कडेला आवळलेला. हात बसवायला त्याहून चांगला तुकडा नाही. नाकात मात्र तोंडाशी ताणणं, माथ्यावर फुगवणं, बगलेत उलटी गोलाई, शिवाय चार-पाच तुकडे जोडून वेल्ड, असं सगळं एकत्र येतं. शिवाय समोरून उडणारा खडा आणि पार्किंगमधली टक्कर नाकालाच बसते, आणि साचा हातात असला की दुसरं नाक सहज काढता येतं. हौस म्हणून सगळी बॉडी ॲल्युमिनियमची करायची असेल तर मी अडवणार नाही, फक्त नाक शेवटी घ्या.

ऋतूचंही गणित यात आपोआप बसतं. गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता कितीतरी दिवस ८५ टक्क्यांच्या वर असते. त्या हवेत काचेचा मॅट ओल धरतो, रेझिन त्याच्यात नीट भिनत नाही, पांढुरके डाग राहतात आणि पुढे तिथूनच थर सुटतात. तेव्हा पावसाळ्यात लाकडी साचा आणि पत्राकाम करा, फायबर डिसेंबर ते मार्चमध्ये. थांबायची तयारी नसेल तर बंद खोलीत मॅट दोन दिवस बल्बखाली ठेवा आणि साधा आर्द्रतामापक भिंतीला लावा. त्याचा काटा ८० च्या वर असेल त्या दिवशी रेझिनचा डबा उघडू नका. मे महिन्यात उलटी अडचण येते. ३४ अंशांत दोन टक्के हार्डनर घातलात तर ब्रश फिरवेपर्यंत भांड्यातच जेली होते, तेव्हा एक टक्क्यावर या आणि एका वेळी अर्धा किलोच कालवा.

नाकासाठी तोच प्लायचा सांगाडा वापरा. फळ्यांच्या मधे पीयू (पॉलियुरेथेन) फोम भरा, वर पुट्टी, मग टू-के (हार्डनर मिसळून लावायचा) पेंट, मग पाण्याच्या पेपरने १२०० नंबरपर्यंत घासाई. हा झाला नाकाचा नमुना; त्यावरून आधी फायबरचा साचा घ्यायचा आणि मग त्या साच्यात नाक. इथे चित्ररथाची सवय असलेला मित्र हमखास थर्मोकोल सुचवेल. पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरिन थर्मोकोल विरघळवून टाकतं, म्हणून तो नको. गणपतीच्या चित्रशाळेतली माती कोरायला सुरेख, पण सुकताना आकसते आणि भेगाळते, म्हणून तीही फक्त छोट्या नमुन्यापुरती. खऱ्या मापाचं काम करण्याआधी एक पंचमांश मापाचं नाक मातीत करून मात्र जरूर पाहा, आणि चित्रशाळेतल्या एखाद्या कारागिराला त्यावरून तळहात फिरवायला सांगा. गणपतीच्या पोटावरची गोलाई ज्याच्या हाताला कळते, त्याला नाकावरचा चपटा भाग डोळे मिटूनही सापडतो. मी हे स्वतः पाहिलं आहे.

घासाई पुरी झाली का हे ठरवायला लांब ट्यूबलाइट लावा आणि तिचं प्रतिबिंब पृष्ठभागावर बघा. डोकं हळू हलवलं की प्रतिबिंबाची रेघ सलग वाहायला हवी. जिथे ती अडखळते किंवा दुहेरी होते तिथे उंचवटा आहे. पत्र्यालाही हीच परीक्षा. मग मेणाचे पाच-सहा हात, प्रत्येक हात सुकू देऊन, त्यावर पीव्हीए, म्हणजे साचा नमुन्याला चिकटू नये म्हणून लावायचं पातळ द्रावण. नाकाचं तोंड आत वळतं, म्हणून साचा एका तुकड्यात निघणार नाही, मधोमध उभी पट्टी लावून दोन भागांत करा आणि बोल्टने जोडा. साच्याची जाडी नाकाच्या दुप्पट ते तिप्पट ठेवा. वस्तू साच्यातून काढायची घाई करू नका. कच्ची काढली की ती नंतर वाकडी होते, आणि फायबर वाकडं झालं की ठोकून सरळ करता येत नाही.

एक गोष्ट जिवाशी संबंधित. कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालायचं द्रव) आणि हार्डनर (एमईकेपी) कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, त्यानंतरच हार्डनर. दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटांत ठेवा. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, तेव्हा चष्म्याशिवाय बाटली उघडायची नाही. फायबर घासताना साधा रुमाल चालत नाही, नीट मास्क घ्या.

ॲल्युमिनियमचे मडगार्ड दोन तुकड्यांत केलेत तर जोड गॅसने लावा, टिगने (विजेच्या वेल्डिंगने) लावलात तरी सळी ११०० ची घ्या. ४०४३ ची सळी चांगली वाहते, पण तिचा जोड कडक होतो आणि हातोडी-डॉलीखाली तडकू शकतो. सळी नसेल तर त्याच पत्र्याची बारीक पट्टी कापून वापरा. गॅस वेल्डिंगचा फ्लक्स, म्हणजे जोड स्वच्छ राहावा म्हणून लावायची पूड, काम होताच गरम पाण्याने आणि ब्रशने पूर्ण धुवा, आतल्या बाजूनेही. राहिलेला फ्लक्स आपल्या दमट हवेत पाणी ओढतो आणि रंगाखालून पत्रा खात जातो.

गंजाचा विचार बॉडी चासीवर चढवण्याआधीच करायचा. ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकले आणि मधे खारट ओल आली की ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी पडते. चासीचा पाइप प्रायमर आणि रंग देऊन पक्का करा, पाइप आणि पत्रा यांच्यामध्ये रबराची पट्टी किंवा सीलंटचा सलग थर द्या. रिव्हेट ॲल्युमिनियमचे. स्टेनलेसचे बोल्ट वापरलेत तर नायलॉनच्या वॉशरवर बसवा. मडगार्डच्या कडेत तार घालून वळवणार असाल तर तारेच्या जाडीच्या अडीचपट पत्रा जादा ठेवा आणि तार ॲल्युमिनियमचीच घाला. त्या वळणात लोखंडी तार घातली की पाणी आत साचतं आणि कड आतून फुटते.

रस्त्यावर न्यायचा विचार असेल तर बॉडीवर आणखी खर्च करण्याआधी आरटीओत प्रत्यक्ष जाऊन विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदलेल्या गाडीत मूळ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा बदल करायला मर्यादा आहेत, आणि पूर्ण घरी बांधलेली गाडी ही त्याहून वेगळी, जास्त अवघड बाब आहे.

तुमच्या हातात असलेल्या त्या बिघडलेल्या पत्र्यापासूनच सुरुवात करा. साबण लावून मऊ करा, सुरकुत्या एकेक करून आवळा, मग टकटक करणाऱ्या भागाभोवतीचा पट्टा हलका ताणा. पहिला मडगार्ड ह्याच पत्र्यातून निघाला तर उत्तम, न निघाला तरी हात तयार होईल. मडगार्ड चासीला न धरता चाकाच्या अपराइटला (चाक ज्यावर बसतं त्या उभ्या भागाला) धरणार असाल तर ब्रॅकेट २० मिमी पाइपचं करा आणि पत्र्याला थेट बोल्ट न लावता खाली हाताच्या पंजाएवढी ३ मिमीची ॲल्युमिनियम पट्टी द्या, दोन्हींमध्ये रबर. तिथला हादरा सगळा बोल्टच्या भोकाभोवती येतो आणि पट्टी नसेल तर तडा तिथूनच सुरू होतो.